पऱ्यापलीकडे रोटर उतरवला

ट्रॅक्टर चालवायला मी सड्यावर शिकले. आमच्या वाडीच्या डोक्यावर कातळाचा लांबरुंद सडा आहे. उन्हाळ्यात तिथे झाड नाही, बांध नाही, गवतसुद्धा करपून गेलेलं. "इथे आपटायला काहीच नाही, म्हणून इथे आणलंय तुम्हाला," असं गॅरेजवाला म्हणाला. तो शेजारच्या वाडीतला. रिक्षा, पाण्याचे पंप, पॉवर टिलर, जे बिघडेल ते दुरुस्त करणारा. शिकणाऱ्या आम्ही दोघी होतो, मी आणि माझी थोरली जाऊ.

त्याचं असं झालं, की आमच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून मिनी ट्रॅक्टर घेतला होता. सोबत एक नांगर आणि एक रोटाव्हेटर. त्याला आमच्याकडे सगळे रोटरच म्हणतात. ट्रॅक्टर देवळासमोर उभा राहिला, हार घालून झाला, पेढे वाटून झाले, फोटो काढून झाले. आणि मग कुणीतरी विचारलं, "पण हाकणार कोण?"

वाडीतले तरणेताठे पुरुष मुंबईला. माझे यजमान जहाजावर, एकदा गेले की महिनोन् महिने पाण्यातच. थोरले दीर, म्हणजे जावेचे यजमान, मुंबईत कारखान्यात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझा हात कसा वर गेला मला कळलंच नाही. बाजूला बघते तर जावेचाही वर!

पहिल्या दिवशी मी क्लच सोडला की ट्रॅक्टर बेडकासारखी उडी मारायचा आणि बंद पडायचा. पुन्हा चालू करायचा, पुन्हा उडी. गॅरेजवाला बिचारा "हळू, वहिनी, हळू" करून दमला. जाऊ लांब उभी राहून नुसती बघत होती. तिची पाळी आली तशी ती पदर खोचून चढली आणि म्हणाली, "मला कळलंय. झोपलेल्या पोराच्या मानेखालनं हात काढतो ना आपण, तसा पाय काढायचा." आणि ट्रॅक्टर खरंच अलगद निघाला! मी तिच्या बाजूने धावत होते, दोघी ओरडत होतो, रस्त्याने जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न वाजवला. त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझा घसा बसला होता.

वळणं जमली, चढ-उतार जमले, शेवटी रिव्हर्स जमला. मग एक दिवस गॅरेजवाल्याने मागे रोटर जोडायला शिकवलं. खालचे दोन हात, वरचा एक, प्रत्येकात पिन. मधे फिरणारा शाफ्ट, तो इंजिनाची ताकद मागच्या पात्यांपर्यंत नेतो. बाजूचा दांडा वर केला की रोटर उचलला जातो, खाली केला की जमिनीला लागतो. मला तो दांडा फार आवडला. बोटभर हलवला की मागचं एवढं अवजड लोखंड हलतं! मी उगीचच चार वेळा वरखाली करून बघितलं.

ट्रॅक्टर हातात आला तसा मला पऱ्यापलीकडचा मळा दिसायला लागला.

आमच्या घराच्या खाली दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरत जाते. तिच्या पायथ्याशी पऱ्या आहे, पावसाळ्यात छातीभर पाण्याने धावणारा आणि मे महिन्यात नुसते धोंडे दाखवणारा. त्यावर माणसांपुरता छोटा पूल, साकव, आणि पलीकडे आमचा भाताचा मळा. एकाखाली एक उतरत गेलेले लहान लहान कोपरे, मधे मातीच्या मेरा, म्हणजे बांध. माझे सासरे, सगळी वाडी त्यांना आबा म्हणते, तो मळा बैलांनी कसायचे. चिखलातल्या नांगरणीच्या शर्यतीत त्यांची जोडी तालुक्यात गाजलेली. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, बैल विकले, आणि मळा पडला तो पडलाच. रानमोडी माजली, डुकरांनी मेरा उकरल्या. तांदूळ आम्ही दुकानातून आणायला लागलो.

एके रात्री जेवताना मी विषय काढला. "आबा, या वर्षी मळा करू या. ट्रॅक्टर नेते मी खाली."

आबांचा घास हातातच राहिला. "मळ्यात लोखंड घालायचं नाय," ते म्हणाले.

"का पण?"

"आपला मळा वरनं माती नि खाली घट्ट तळ. त्या तळावर पाणी उभं राहतं, म्हणून भात होतं. तो तळ फोडलास की पाणी गेलं पाताळात. मग लाव तिथं नाचणी."

पण सोडून द्यायचं माझ्या मनात नव्हतं. दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन मी ट्रॅक्टरपाशी गेले. नांगर आणि रोटर दोन्ही शेजारी ठेवलेले. आबा आधी नांगरापाशी बसले. त्याच्या फाळावरून हात फिरवला, वाकून बघितलं, मान हलवली. "बैलाचा नांगर माती खरवडायचा. हा उलथी करील. हा नको." मग रोटरपाशी सरकले. वाकडी पाती एकेक करून चाचपली आणि वितीने मापली.

"हा किती खाली जातो?"

"मी दांडा ठेवीन तेवढा," मी म्हटलं. "चार बोटं म्हणालात तर चार बोटं."

"म्हटलंस आणि गेला खाली तर?"

"मग तुम्ही पुढे चाला. हात वर केलात की मी रोटर उचलणार."

आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "पण न्यायचा कसा, ते सांग. पाखाडीवरनं ट्रॅक्टर उतरायचा नाय."

त्यांनी 'न्यायचा कसा' विचारलं म्हणजे होकारच होता की! मी तशीच धावत जावेला सांगायला गेले.

वाट एकच होती. वर डांबरी रस्त्याच्या मोरीपाशी पऱ्याचा काठ बुटका आहे. तिथून ट्रॅक्टर पात्रात उतरवायचा आणि कोरड्या पात्रातूनच धोंड्यांमधून खाली मळ्यापर्यंत न्यायचा. पण मागे रोटर लावून ते होणार नव्हतं. उतारावर रोटर धोंड्यांना आपटला असता आणि चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचललं गेलं असतं. म्हणजे रोटर वेगळा न्यायचा, पाखाडीवरून, माणसांनी. आणि एकदा पाऊस सुरू झाला की पात्र बंद. ट्रॅक्टर जो खाली जाणार तो दिवाळीपर्यंत तिथेच राहणार, मळ्याच्या कडेच्या खोपटात, मांगरात. काही बिघडलं तर वर आणायची सोयच नाही. तरी गटातल्या बायका कबूल झाल्या.

मे महिना असल्यामुळे मुंबईचे चाकरमानी आले होते. दीरही आले होते. त्यांनी रोटर बघितला आणि म्हणाले, "हा काय हाताने उचलायचा माल आहे?"

आबा म्हणाले, "शिमग्याला पालखी उचलता ती काय कापसाची असते?"

झालं! पुढचं सगळं त्या एका वाक्याने ठरलं. दोन जाड, पिकलेले बांबू तोडून आणले. रोटर दोरखंडाने त्यांना बांधला. पुढे पुरुष, मागे पुरुष, मधल्या आडव्या दांड्यांना आम्ही बायका. कुणीतरी रोटरला कुंकू लावलं. कुठून तरी ढोल आला. वाडीतली सगळी माणसं पाखाडीच्या दोन्ही बाजूंना उभी, मोबाईल वर धरून.

आबा सगळ्यांच्या पुढे, काठी टेकत उलटे उतरत होते. तोंड आमच्याकडे. "पुढच्यांनी खांद्यावर घ्या! मागच्यांनी हातावर, खाली, अजून खाली! पातळी धरा!" आयुष्यभर देवाची पालखी याच पाखाडीवरून उतरवलेला माणूस तो. एकेक पायरी. बांबू करकर वाजत होते. माझ्या खांद्याची साल निघत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. जाऊ माझ्या पुढे, तीही हसत होती. दीर ओरडत होते, "हसू नका गो, हसलात की हलतं!" त्यावर सगळेच हसायला लागले.

वळणावर एक बांबू तडकला. कड्कन आवाज आला आणि रोटर माझ्या बाजूला कलला. क्षणभर वाटलं, आता हा सुटतो आणि आम्हाला घेऊन सरळ पऱ्यात जातो. "बसा!" आबा गरजले. सगळेच्या सगळे एकदम खाली बसले. रोटर पायरीवर टेकला. एक पातं पायरीच्या दगडावर घासलं, ठिणगी उडाली, आणि रोटर थांबला. मग ढोलवाल्याने आपणहून एक टिपरी मारली आणि पुन्हा गलका सुरू झाला. घरचा वासा आणला, तडकलेल्या बांबूला जोडून बांधला, आणि उठलो. कोरडा पऱ्या ओलांडून मळ्यात पोहोचलो तेव्हा सगळ्यांचे कपडे पिळून काढण्यासारखे झाले होते. कोकमाच्या सरबताची कळशी आम्ही बघता बघता रिकामी केली.

ट्रॅक्टर त्याच दुपारी उतरवला. स्टेअरिंगवर मी, पुढे गॅरेजवाला धोंडे बाजूला करत, मागे जाऊ चाकाखाली दगडाची उटी लावायला तयार. धोंड्यावर पुढचं चाक चढलं की मी स्टेअरिंग घट्ट आवळायची, उतरलं की सैल सोडायची. एका जागी खडकाची पायरी होती. गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, इथे मी चालवू?" मी म्हटलं, "पावसाळ्यात मळ्यात तुम्ही असणार आहात का? मग आत्ताच शिकू दे." दगड रचून उतरण केली. ब्रेकवर पाय ठेवून, दातांवर दात दाबून, मी ट्रॅक्टर बोटाबोटाने खाली सोडला. मळ्याच्या मातीला चाक लागलं तेव्हा मी उभी राहून टाळ्या पिटल्या. कुणाकुणासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून उखळणी, म्हणजे पहिली कोरडी नांगरट. रानमोडी आधीच तोडून ठेवली होती. आबा पुढे, मी मागे ट्रॅक्टरवर. ते हाताने दाखवतील तसा मी दांडा हलवायची. हात खाली, रोटर खाली. हात वर, रोटर वर. मधूनच ते थांबायचे, मातीत बोटं खुपसायचे, तळ लागतोय का बघायचे, आणि मान डोलवायचे. एकदा विसरून त्यांनी बैलांना घालायची हाळी घातली, अगदी मोठ्याने, आणि मी चमकून ब्रेक दाबला. ते मागे वळून म्हणाले, "थांबला की गो! ऐकतो म्हणजे!"

पाऊस लागला, पऱ्या भरला, तरवा, म्हणजे भाताची रोपं, हातभर वाढला आणि चिखळणीची वेळ आली. आता रबरी चाकांच्या बाजूला लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं लावायची, म्हणजे चिखलात पकड राहते. मी डिझेलचा कॅन डोक्यावर घेऊन साकवावरून जायची. खाली पऱ्या फेसाळत धावत असायचा. मांगरात ट्रॅक्टर एका दमात चालू झाला की पहिला आनंद तिथेच. मग पाण्याने भरलेल्या कोपऱ्यात उतरायचं, रोटर खाली सोडायचा, आणि मागे बघायचं. पाणी आणि माती एक होऊन तांबूस लापशी तयार व्हायची. बगळे इतके जवळ यायचे, की वाटायचं, चाकाखाली येतील. मागून जाऊ फळी फिरवून चिखल सपाट करायची, आणि बायका रांगेने तरवा लावत यायच्या. बैलांना जे काम आठवडाभर पुरायचं ते झपाट्याने मागे पडत होतं. मी पावसात चिंब, तोंडावर चिखल, आणि आतून अशी फुललेली, की काय सांगू!

शेवटचा कोपरा पऱ्याच्या अगदी काठाला. आबा त्या दिवशी तापाने घरी होते. त्यांनी निरोप धाडला होता, "खालच्या कोपऱ्यात उपळट आहे, जपून." उपळट म्हणजे जमिनीतून पाणी वर येतं ती जागा. पण ती नेमकी कुठे, हे त्या सगळीकडून सारख्याच दिसणाऱ्या पाण्यात कुणाला कळणार? मी कडेकडेने दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला ट्रॅक्टर एकदम मागे बसला. मागची चाकं फिरत होती पण पुढे सरकत नव्हती. मी जरा जोर दिला तर तोंड वर यायला लागलं. पुढची चाकं चिखलातून सुटली. समोर मला नुसतं आभाळ दिसलं.

"क्लच! क्लच दाब!" जाऊ किंचाळली.

मी क्लच दाबला. तोंड धप्पकन खाली आलं. मी इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले. सगळ्या बायका तरवा टाकून धावत आल्या. एक म्हणाली, "उतर आधी खाली." एक म्हणाली, "राहू दे आता, दिवाळीला काढू." दिवाळीला! तोवर तो मांडीभर आत गेला असता.

मी उतरले. गॅरेजवाल्याला फोन लावला, खाली रेंज नव्हती. मग आम्ही दोघी जावा बांधावर उभ्या राहिलो आणि विचार केला. पुढे जायला गेलं की तोंड उचलतं. म्हणजे मागे यायला हवं. पण मागे रोटर चिखलात रुतलेला, दांड्याने उचलायला गेलं तर चाकंच आणखी बसणार. तर आधी रोटर सोडवायचा.

मी चिखलात पालथी पडले. हात खांद्यापर्यंत आत घातला. काही दिसत नव्हतं, नुसत्या बोटांनी पिन शोधायच्या होत्या. सड्यावर जोडकाम शिकले होते, पण तेव्हा डोळ्यांना दिसत होतं. वरची पिन सुटली. खालची डावी सुटली. उजवी हलेना. जाऊ पलीकडून पालथी पडली आणि तिने रोटर पहारीने जरा उचकटला. "आता ओढ!" मी ओढली आणि पिन हातात आली. शाफ्टची कळ दाबून तोही निखळला. मी पिनांची मूठ वर करून दाखवली तेव्हा बायकांनी ओरडून मळा डोक्यावर घेतला.

रोटर आम्ही सगळ्यांनी मिळून दोराने बाजूला ओढला. मग चाकांच्या मागे माडाच्या झावळ्या, त्यावर बांबू, त्यावर पुन्हा झावळ्या. ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला दोरखंड बांधला आणि सगळ्या जणी मेरेवर रांगेत उभ्या राहिल्या. मी वर चढले, रिव्हर्स टाकला आणि झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढावा तसा क्लच सोडला.

"ओढा!"

चाकं फिरली, झावळ्या आत गेल्या, बांबू कडकडला. ट्रॅक्टर एक वीत मागे आला आणि थांबला. "सोडू नका, सोडू नका!" मी ओरडत होते. जाऊ रांगेच्या पुढे, टाचा मेरेत रोवलेल्या, मान आकाशाकडे. अजून एक वीत. मग कसलातरी सुस्कारा टाकावा तसा चिखल सुटला आणि ट्रॅक्टर दणक्यात मेरेपर्यंत आला. मागची अख्खी रांग एकमेकींच्या अंगावर पलीकडच्या कोपऱ्यात कोसळली. इंजिन बंद केलं तेव्हा मला कळलं, की त्या रडत नाहीयेत, हसताहेत.

उपळटाच्या जागी आम्ही बांबू रोवून खूण केली, आणि तेवढा तुकडा हातानेच कुदळीने केला. संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. ते पांघरुणातून उठून बसले. "तोंड किती उचललं?" त्यांनी विचारलं. मी हाताने दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. "ट्रॅक्टर काय, दुसरा आणता येतो," ते म्हणाले, आणि पांघरूण बाजूला सारत, "उद्या मी येतोय. ताप गेला."

"गेलेला नाही," जाऊ त्यांच्या कपाळाला हात लावून म्हणाली. तरी ते आले, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन. सगळे कोपरे लावून झालेले त्यांनी मेरेवरून फिरून बघितले. प्रत्येक कोपऱ्यात काठी बुडवली. पाणी उभं होतं. एकाही कोपऱ्यातून निसटलं नव्हतं.

भात आलं. पोटरीला आलं तेव्हा राखणीला आम्ही पाळीपाळीने मांगरात बसलो, डुकरांना डबे वाजवून हाकललं. यजमान जहाजावरून फोन करायचे, कधी आवाज यायचा, कधी नुसती खरखर. मी त्यांना मळ्याचा व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी तो त्यांना पोहोचला असावा. त्यांचा फोन आला, "हा आपलाच मळा ना? की दुसऱ्या कुणाचा दाखवतेस?"

आबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आपलाच. आणि ऐक, सुट्टीवर आलास की तूही शिकून घे. ही शिकवील तुला."

कापणी झाल्यावर ओलीवर कुळीथ पेरायचा ठरला. त्या दिवशी मी ट्रॅक्टरवर चढायला गेले तर सीटवर जाऊ आधीच बसलेली. "आज मी," ती म्हणाली. "तू बी टाक." तिने रोटर खाली सोडला आणि निघाली. मी कुळथाची टोपली कमरेला लावून तिच्यामागे चालायला लागले. मेरेवर खालच्या वाडीतल्या तीन-चार बायका येऊन उभ्या होत्या. त्यांच्यातली एक ओरडून विचारत होती, की त्यांचाही मळा किती वर्षं पडून आहे, तिथे याल का. इंजिनाच्या आवाजात जावेला ऐकू गेलं नाही. मीच ओरडून सांगितलं, "येऊ! आधी वाट कुठनं आहे ते दाखवा!"